दोन नारळ आणि एक मत

७ नोव्हेंबर १९९७, शुक्रवार

लिहायला उशीर झाला, त्याची माफी असावी. कौशल्या सोमवारी जीपमध्ये बसताना सांगून गेली होती की घरी जे काय होईल ते रोज या वहीत लिहून ठेवा, मी आल्यावर वाचीन. आज शुक्रवार झाला. वही सापडत नव्हती असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. वही तिनं कोनाड्यात समोरच ठेवली होती. मलाच धाक वाटत होता. बोललेलं विरून जातं, लिहिलेलं राहतं.

काय काय लिहायचं तेही तिनं सांगितलं आहे. गाय दूध किती देते, कापूस वेचायला किती बाया आल्या, आणि घरी कोण येऊन काय बोलून गेलं. शेवटचं दोनदा सांगितलं. "कोन आलतं ते नाव घालून लिहाल. मंग विसरता तुमी."

वही साक्षरता वर्गातली आहे. पुढच्या पानांवर तिची अक्षरं आहेत. घर, कमळ, बदक. 'घ' तिचा फार गोल निघतो, पोट सुटल्यासारखा. मी मागून लिहितो आहे. पाच वर्षांपूर्वी ती आणि विमलाबाई उईके संध्याकाळी शाळेत अक्षरं गिरवायला जात, तेव्हा मी म्हणायचो, "आता का तहसीलदार होता काय?" मी स्वतः चौथी नापास.

आता झालं ते सांगतो. आमच्या पंचायतीत नऊ मेंबर. प्रभाकररावांच्या पॅनेलचे ते धरून पाच निवडून आले, पुंडलिकरावांचे ते धरून चार. सरपंचाची जागा आदिवासी बाईसाठी राखीव निघाली आणि तशी निवडून आलेली एकटी विमलाबाईच. म्हणजे सरपंचाचं भांडण नाही. भांडण उपसरपंचाचं. सगळे म्हणतात, विमलाबाई सही करेल आणि उपसरपंच कारभार करेल. प्रभाकररावांनाही तेच व्हायचं आहे आणि पुंडलिकरावांनाही. सतरा तारखेला पंचायतीत मेंबर मत देणार. एक मेंबर फुटला तरी पारडं फिरतं, म्हणून प्रभाकरराव आपल्या चारही मेंबरांना देवदर्शनाच्या नावानं माहूरला घेऊन गेले. मतापर्यंत तिकडेच ठेवणार. हल्ली सगळ्याच गावांत असं नेतात. कौशल्या त्या चारांत आहे, आणि विमलाबाईही.

कौशल्या उभी राहिली तीही मी प्रभाकररावांना हो म्हटलं म्हणून. तिला नंतर सांगितलं.

एक लिहायचं राहिलं. ते निघाले त्याच्या आदल्या दिवशी प्रभाकररावांनी मला मारोतीच्या देवळात नेलं आणि नारळावर हात ठेवायला लावला, की कौशल्याचं मत त्यांनाच. मी म्हटलं, तिला बोलावू का? ते म्हणाले, "बाईले कायले तरास देता जी? तुमी घेतली का तिनं घेतल्यासारखीच हाय." घरी येऊन तिला सांगितलं. ती शिदोरी बांधत होती. नुसतं "बरं" म्हणाली आणि गाठ मारली.

८ नोव्हेंबर, शनिवार

सात बाया आल्या. गाय मला जवळ उभं राहू देत नाही. कौशल्याचं जुनं लुगडं खांद्यावर टाकून बसलो तेव्हा कुठे अर्धी चरवी निघाली. शेजारच्यांनी पाहिलं असेल तर गावभर होईल.

भाकरी करपली. घरी कोणी आलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

पुंडलिकराव आले होते. नाव घालून लिहितो आहे.

आमच्या वावरात बैलगाडी जायची ती त्यांच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून. माझ्या बापाच्या वेळेपासूनची वाट. कागद कुठे नाही, नुसती वहिवाट. आता वेचा चालू आहे, कापसाची पहिली गाठोडी वावरातल्या झोपडीत पडून आहेत, आणि ते येऊन बाजेवर बसले. पाणी घेतलं. गाईची चौकशी केली.

मग म्हणाले, "अण्णाजी, औंदा कापूस बरा हाय तुमचा. घरी आनाचा हाय का वावरातच ठेवाचा हाय?"

मी म्हटलं, "असं काऊन बोलता जी?"

"मी काई बोलून नाई राह्यलो. धुरा मातर माहा हाय. औंदा त्याच्यावर बाभळीच्या काट्या टाकाव म्हंतो. ढोरं लई घुसतात."

मी पाण्याचा तांब्या उचलून ठेवला. ते म्हणाले, "बाईचं एक मत. कोनाले समजते? तुमी फक्त हो म्हना."

मी म्हटलं, मी आधीच शब्द देऊन बसलो आहे, नारळावर. ते हसले. "मंग आपन बी नारळ घेऊ. मारोती एकच हाय, नारळ का एकच असते?"

आणि मी गेलो. त्याच पायरीवर, त्याच ठिकाणी हात ठेवला. वाट नसेल तर कापूस डोक्यावरून आणायचा काय? हे माझ्या वयाला होणार नाही. पण हे कौशल्यानं वाचलं तर काय म्हणेल? हे पान नंतर फाडावं लागेल.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी देवळापुढून जात होतो. झाडलोट करणारे नानाजी ओट्यावर बसले होते. म्हणाले, "या अण्णाजी. मारोतीनं दोन नारळ घेतले तुमचे. तिसरा कवा आनता? शेंदराचा खर्च तरी निंघन."

लोक हसले. मीही हसलो, पण जेवण गेलं नाही. आधीचा नारळ मोठा की नंतरचा? नानाजींना विचारावं वाटतं, पण ते मोठ्यानं उत्तर देतील.

दुपारी ताराचंदनं दुकानातून हाक मारली. गावातला फोन एवढा त्याच्याच किराणा दुकानात. कौशल्या बोलत होती.

पहिलं विचारलं, "कोन आलतं घरी?"

मी म्हटलं, "कोनी नाई."

तिनं नुसतं "बरं" म्हटलं. मग म्हणाली, गड चढून झाला, पाय दुखतात, पण दर्शन चांगलं झालं. धर्मशाळेच्या खालच्या दाराशी प्रभाकररावांनी एक माणूस बसवला आहे, बाजारातही जाऊ देत नाही. "ईमलाबाईले बांगड्या घ्याच्या होत्या, तं तो मनते मी आनून देतो. आता बांगडीचं माप का त्याच्या हातावर घ्याव?" मागून विमलाबाईचं हसू ऐकू आलं. एवढी कोंडून घातलेली बाई हसते कशी, मला समजलं नाही.

फोन ठेवताना म्हणाली, "मी येतपर्यंत कशावर सही करू नका. आयकलं का?"

मी हो म्हटलं. ताराचंद तराजूपाशी उभा राहून सगळं ऐकत होता. म्हणाला, "भाभीजी को बंद करके रखा है क्या? ये तो ठीक नाई हाय अण्णाजी."

आता हे गावभर होणार.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हे पान तर नक्कीच फाडायचं.

पहाटे बाया वावरात गेल्या आणि आठ वाजता परत आल्या. धुऱ्यावर काट्या. बैलगाडी अडली. बाया काट्यांतून वाट काढून गेल्या, पण कापूस आणणार कसा? मी तिथेच उभा राहिलो. काट्या ताज्या तोडलेल्या होत्या, पाला अजून हिरवा होता.

दहा वाजता पुंडलिकराव स्वतःच आले. सोबत लिहून आणलेला कागद. म्हणाले, ताराचंदकडून समजलं, तुमच्या बाईला कोंडून ठेवलं आहे. नवरा म्हणून तुम्ही चौकीवर अर्ज द्यायला पाहिजे. एकदा पोलीस गेले की प्रभाकररावांना सगळ्यांना सोडावंच लागेल. बाई सुखरूप घरी येईल.

मी म्हटलं, तिनं सही करू नका सांगितलं आहे.

"घ्या. बाई धाकात हाय म्हनूनच तं असं म्हनते. तिच्या मांग कोनी उभा असन."

हे मला पटलं. खरंच कोणी उभा असेल तर? दोन रात्री मला त्या दाराशी बसलेल्या माणसाचीच स्वप्नं पडत होती.

कागद वाचायला घेतला. पहिल्या तीन ओळी वाचल्या. माझं नाव, गाव, वय, आणि माझी पत्नी कौशल्याबाई हिला तीन तारखेपासून. पुढे अक्षर बारीक होतं आणि मला वेळ लागतो. पुंडलिकराव म्हणाले, "पुढं तेच हाय जी, कायद्याची भाषा. करा." त्यांचा पेन उघडाच होता.

मी केली. चौकीवरही गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे घेतलं, माहूरकडे कळवतो म्हणाले.

दुपारपर्यंत काट्या उचललेल्या होत्या. गाडी भरून कापूस घरी आला. मला बरं वाटायला पाहिजे होतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार



दिपालीचा फोन आला, आमची मुलगी, आर्वीला दिली आहे ती. म्हणाली, "बाबा, आई माझ्याकडं हाये. ईमलामावशी बी हाये."

मी म्हटलं, "देवा. बरी हाय ना? मी आता गाडीनं येतो."

"येऊ नका."

मी विचारलं, काऊन? तिनं सांगितलं ते असं. काल माहूरचे हवालदार धर्मशाळेत गेले. कौशल्याला खाली बोलावलं आणि विचारलं, तुम्हाला बळजबरीनं आणलं काय? ती म्हणाली, आली मी माझ्या मर्जीनं आणि आता जातेही माझ्या मर्जीनं, आम्हां दोघींना एसटी स्टँडवर पोचवून द्या. हवालदारासमोर प्रभाकरराव काय बोलणार? दोघी आपापली गाठोडी घेऊन निघाल्या.

मी म्हटलं, "हे तं बेसच झालं. माहा अर्ज कामी आला."

दिपाली म्हणाली, "बाबा, तो अर्ज आईनं वाचला. हवालदार वाचून दाखवत होते, तं मनली, द्या इकडं, मले येते. दोनदा वाचला."

"मंग?"

"तुमाले मालूम नाई त्याच्यात काय हाये?"

तिनं सांगितलं. तिला आईनं तोंडपाठ सांगितलं होतं. 'माझी पत्नी भोळी व अडाणी असून तिला स्वतःचे बरेवाईट समजत नाही. करिता तिच्या वतीने मी.'

ताराचंद तराजूपाशीच होता. मी फोन ठेवला आणि घरी आलो. मी हे लिहिलं नव्हतं. पण सही माझी आहे. आणि पूर्ण वाचलं असतं तर केली नसती काय? काट्या पाहून आलो होतो. मला खात्री देता येत नाही.

परवा मत आहे. ती कोणाला देईल? प्रभाकररावांना दिलं तर धुरा गेला. पुंडलिकरावांना दिलं तर पहिला नारळ गेला.  गाईला आज धार काढायलाही बसलो नाही, शेजारणीनं काढली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

झालं. जसं झालं तसं लिहितो.

सकाळपासून पंचायतीपुढच्या निंबाखाली गाव जमलं होतं. पुंडलिकराव मला पाहून डोळ्यांनी हसले. प्रभाकररावांनी तोंड फिरवलं. मी निंबाच्या मागच्या अंगाला बसलो.

आर्वीच्या एसटीनं दोघी उतरल्या. कौशल्यानं दिपालीची हिरवी साडी नेसली होती आणि डोळ्यांवर चष्मा होता. माझ्याजवळून जाताना थांबली.

"गाय दूध देते काय?"

"अर्ध."

ती आत गेली.

नायब तहसीलदार आले, दार लोटलं गेलं. नानाजी खिडकीखाली बसले होते. आतलं ऐकून ते बाहेर सांगत होते, कथेकरी सांगतो तसं.

विमलाबाई बिनविरोध सरपंच झाली. टाळ्या वाजल्या. मग उपसरपंचाचे अर्ज वाचले. नानाजी म्हणाले, "एक प्रभाकरराव. एक पुंडलिकराव." आणि मग जरा थांबून माझ्याकडे पाहिलं. "अन् एक अण्णाजीची बायको."

सगळ्यांनी वळून निंबाच्या मागे पाहिलं. कोणीतरी विचारलं, "अण्णाजी, हा तिसरा नारळ काय जी?"

आत गलका झाला. मग कौशल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला, नानाजींची गरज पडली नाही. घरी भाजीला काय करू विचारते तसाच साधा आवाज होता. "माहं मत मले. ईमलाबाईचं बी मले. आता तुमी आपसात पाहा."

मी बोटं मोजली. पुंडलिकरावांचे चार. प्रभाकररावांचे आता तीनच. हिचे दोन. म्हणजे असंच मत झालं तर पुंडलिकराव येणार. प्रभाकररावांनीही आत तेच मोजलं असेल. अर्ज मागे घ्यायला साहेबांनी वेळ दिला होता. नानाजी म्हणाले, "घेतला. प्रभाकररावनं मांगं घेतला." पुंडलिकरावांना थांबवायचं तर त्यांना आपली तीन मतं हिच्या पदरात टाकण्यावाचून मार्ग नव्हता.

पाच विरुद्ध चार.

लोक मला उचलायला आले. मला गुलाल लावला. मी म्हणत होतो, अरे मला काय लावता, मला तर काही माहीत नव्हतं. ते आणखी हसले. त्यांना वाटलं मी आतल्या गाठीचा आहे.

मी घरी पळत आलो, चूल पेटवली, चहाचं आधण ठेवलं. पाच वाजता ताराचंद सांगत आला की भाभीजी आर्वीच्या गाडीत बसल्या.

आधण आटून गेलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

धुऱ्यावर पुन्हा काट्या आहेत. यावेळी दुप्पट.

पुंडलिकराव रस्त्यात म्हणाले, "लई पोहोचलेले निंघाले बापा तुमी. माह्याकडून अर्ज लिहून घेतला अन् बाईले सोडवून आनली." प्रभाकरराव म्हणाले, "अण्णाजी, शपथ मोडणाऱ्याचं घर वसत नाई." हे दुसरं मला लागलं, कारण घर खरंच रिकामं आहे.

देवळात जाऊन नानाजींना विचारलंच. म्हटलं, दोन नारळांवर हात ठेवला आणि दोन्ही खोटे ठरले, आता मारोतीला काय करू? ते झाडू मारता मारता म्हणाले, "मत कोनाचं होतं?"

"तिचं."

"मंग तुमी दुसऱ्याची गाय दोनदा इकली, अन् गाय आपल्या पायानं घरी गेली. मारोतीचं काय जाते याच्यात?"

२२ नोव्हेंबर, शनिवार

ग्रामसेवक पंचायतीच्या भिंतीवर कागद चिकटवून गेले. अठ्ठावीस तारखेच्या पहिल्या सभेचे विषय. लोक जमले होते म्हणून मीही वाचायला उभा राहिलो. यावेळी शेवटपर्यंत वाचलं, कितीही वेळ लागला तरी.

पहिला विषय, विमलाबाईंच्या वस्तीवरचा हातपंप. दुसरा, शिवारातल्या जुन्या वहिवाटी नकाशावर तपासून पंचायतीच्या दप्तरी नोंदवणे. तिसरा, माध्यमिक शाळेचं घर गळतं त्याचा.

छापलेलं नव्हतं, हातानं लिहिलेलं होतं. ग्रामसेवकाचं अक्षर मला माहीत आहे, ते असं नाही. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून खालपर्यंत वाचलं. मग 'घर' या शब्दावर थांबलो. घ गोल होता. पोट सुटल्यासारखा.

माझ्या मागे पुंडलिकराव उभे होते. त्यांनीही दुसरा विषय वाचला. 

२३ नोव्हेंबर, रविवार

कौशल्या,

आतापर्यंत वहीशी बोललो, आज तुझ्याशी बोलतो. नानाजी उद्या आर्वीला जाणार आहेत, त्यांच्या हाती ही वही पाठवतो आहे. दिपालीसाठी तुरीच्या शेंगा आहेत, त्या वरच्या वर काढ, खालच्या दबल्या असतील.

फोन करणार होतो. पण ताराचंद तराजूपाशी उभा असतो.

ज्या पानांवर फाडायचं असं लिहिलं आहे ती फाडलेली नाहीत. काल हात घातला होता. मग वाटलं, तू नाव घालून लिहा म्हणालीस. माझंही नाव त्यात आलं पाहिजे. फोनवर कोणी आलं नाही म्हणालो तेही खोटं होतं, ते तुला तेव्हाच समजलं असेल.

अर्जातली ती ओळ मी लिहिली नाही. पण ती माझ्या मनात नव्हती असंही म्हणता येत नाही. तुझ्या उभं राहण्याला मी हो म्हटलं, तुझ्या वतीनं नारळ घेतला, एकदा नाही दोनदा. ती ओळ पुंडलिकरावांनी कुठून तरी ऐकूनच लिहिली असेल. पाच वर्षांपूर्वी मी ओट्यावर बसून तेच तर बोलत होतो.

घरचं सांगतो. गाय पाव चरवीवर आली आहे. लुगडं पांघरलं तरी आता ओळखते. वेच्याला बाया पाचच आल्या. कापूस निम्मा झोपडीत आहे, तो राहू दे, सभेपर्यंत थांबेन. त्या विषयासाठी येशील तेव्हा घराकडे वळशील की नाही, हे मी तुला विचारायला पाहिजे होतं. आजपर्यंत विचारायची सवय नव्हती. म्हणून विचारतो, येशील काय?

येणार असशील तर दिवस कळव, स्टँडवर येतो. येणार नसशील तरी कळव, पण लवकर. वाट पाहणं मला जमत नाही, हे तुला माहीतच आहे. वहीत तुझ्या बदकाच्या पुढे दोन पानं कोरी आहेत. त्यावर तूच लिही, दिपालीकडून लिहून घेऊ नको. तुझं अक्षर आता मला ओळखता येतं.

अण्णाजी